पावसाळाभर बंद राहणारी गाडी: बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की आमच्या दारामागच्या खुंट्यांवर किल्ल्यांची गर्दी होते. कुणी मुलाकडे टोरांटोला निघालेलं असतं, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला, कुणाची बदली झालेली असते. घर बंद, गाडी खाली उभी, आणि पुढे चार महिने पाऊस. प्रत्येक किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहायचे, एवढ्यावरून हे काम सुरू झालं. मी कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी केली, त्यामुळे पाना-पक्कड हातात बसलेली आहे, आणि २०१९ व २०२४ या दोन्ही पुरांत शेजाऱ्यांच्या बंद गाड्या सांभाळल्या आहेत. फोनवर तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे परत लिहिलेली नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. काका, किती दिवस उभी राहिली तर गाडी "बंद" धरायची?

तीन आठवडे. तोवर चांगल्या बॅटरीची गाडी सहसा एका किल्लीत चालू होते. त्यापुढे बॅटरी, ब्रेक, टायर आणि आतली ओल या चारही गोष्टींकडे बघावं लागतं. पंधरा दिवसांसाठी महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी फक्त प्रश्न २ आणि ४ वाचले तरी पुरे.

२. सगळ्यात महत्त्वाची एकच गोष्ट सांगायची तर कोणती?

जागा. गाडी कुठे उभी आहे, म्हणजे किती उंचीवर उभी आहे, त्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. लोक पाच हजारांचं कव्हर घेतात आणि गाडी बेसमेंटमध्ये लावून विमानात बसतात. बेसमेंट ही बडोद्यात पावसाळ्यातली सगळ्यात वाईट जागा. पाणी उतारावरून आत येतं, ते उपसायचा पंप विजेवर चालतो, आणि पूर आला की सुरक्षेसाठी वीज आधी बंद करतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाऊस ओसरल्यावरही कितीतरी बेसमेंटं भरलेलीच होती.

बेसमेंटपेक्षा स्टिल्ट, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा, बरा, स्टिल्टपेक्षा रस्त्याहून उंच जोत्याच्या बंगल्याचं आवार बरं. विश्वामित्री नदीपासून लांब, दोन्ही पुरांत कोरड्या राहिलेल्या भागात मावशी-आत्याचं घर असेल, तर चार महिन्यांसाठी तिथे गाडी लावायची विनंती करायला संकोच करू नका. परत येताना खजूर-चॉकलेटं आणाल ती वेगळी.

३. आमची जागा उंच आहे की सखल, हे कसं ओळखायचं?

भिंती बघा. पुराचं पाणी उतरलं की भिंतीवर गाळाची तपकिरी रेघ राहते, आणि रंग दिला तरी प्लास्टर तिथपर्यंत फुगलेलं असतं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर मी ऑइलपेंटने दोन आडव्या रेघा ओढून ठेवल्या आहेत, एक २०१९ ची, एक २०२४ ची. दुसरी माझ्या कमरेच्या वर आहे. नवा भाडेकरू आला की त्याला आधी ती भिंत दाखवतो.

दोन पूर दोन तऱ्हेचे होते, हे लक्षात घ्या. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळपास २० इंच पाऊस शहरावरच पडला. तेव्हा जिथे गटारं तुंबली तिथे पाणी भरलं, मग नदी लांब असो की जवळ. २०२४ ला जन्माष्टमीच्या सुमाराला पाऊस शहरात होताच, शिवाय वरच्या भागातलं आणि अजवा धरणाचं पाणी विश्वामित्रीत उतरलं. काळ्या घोड्याच्या पुलाशी पातळी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २५ फुटांच्या आसपास धरतात. तेव्हा अकोटा, फतेहगंज, समा, मुजमहुडा अशा नदीकाठच्या वस्त्यांना जास्त फटका बसला. तुमची जागा एका पुरात वाचली म्हणून दुसऱ्यात वाचेलच असं नाही. दोन्ही सालांबद्दल जुन्या वॉचमनला किंवा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा. ते नेमकं कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं ते सांगतात.

४. कोणतं कव्हर घ्यावं?

हवा जाऊ देणारं, दोन-तीन थरांचं, आतून मऊ अस्तर असलेलं. बाजारात "शंभर टक्के वॉटरप्रूफ" म्हणून मिळणारं चकचकीत प्लास्टिक बंद गाडीवर घालू नका. जमिनीतून वर येणारी वाफ आत अडकते, दुपारच्या उकाड्यात गाडीला घाम सुटतो आणि रात्री तोच पत्र्यावर बसतो. ऑक्टोबरमध्ये कव्हर काढलं की रंगावर पांढरट फोड दिसतात.

कव्हर घालण्याआधी गाडी धुऊन पूर्ण वाळवा. धूळ राहिली तर वाऱ्याने हलणारं कव्हर पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. पोटाखालून बांधायचे पट्टे नक्की बांधा. गाडी आधीच छपराखाली असेल तर जुनी सुती चादर बस्स.

५. कव्हरवरून ताडपत्री टाकली तर दुहेरी बंदोबस्त होईल ना?

गाडीवर थेट टाकू नका. कारण वरचंच, प्रश्न ४ पाहा. ताडपत्री बांधायचीच असेल तर बांबू किंवा पाइपाच्या सांगाड्यावर, गाडीपासून किमान दीड-दोन फूट वर, आणि एका बाजूला चांगला उतार देऊन.

उताराबद्दल मी आग्रही आहे, कारण पाण्याचं वजन लोकांना खरंच वाटत नाही. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० लिटर, म्हणजे १० किलो. पाच मीटर बाय तीन मीटरच्या ताडपत्रीवर सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साचलं, तर ७५० किलो झाले. एवढ्या वजनाची एक छोटी गाडीच तुमच्या गाडीच्या डोक्यावर टांगल्यासारखं आहे. आधी मध्ये एक लहानसा खळगा होतो, त्यात पाणी साचतं, वजनाने खळगा वाढतो, आणखी पाणी येतं, आणि मग बांबू वाकतो. समोरच्या सोसायटीत अशाच मांडवाचा पाइप एका सेडानच्या पुढच्या काचेवर आला. पाऊस तेव्हा फार जोराचा नव्हता, फक्त रात्रभर चालला होता.

६. बॅटरी काढून ठेवावी का?

निगेटिव्हची तार सोडवली तरी चालतं. दहा नंबरचा पाना लागतो. आधी निगेटिव्ह, म्हणजे वजा चिन्हाची. जोडताना ती शेवटी. तार बाजूला करून टोकाला कापड गुंडाळा.

बंद गाडीसुद्धा घड्याळ, अलार्म आणि रिमोट लॉकसाठी थोडी थोडी वीज खाते. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला पाऊण अँपिअर-तास. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने दीड महिन्यात साफ रिकामी. आणि रिकामी पडून राहिलेली बॅटरी पुन्हा चार्ज केली तरी पूर्वीसारखी होत नाही. बॅटरी घरात आणून ठेवता आली तर उत्तमच. महिन्यातून एकदा मीटर लावा: १२.६ व्होल्ट असतील तर भरलेली आहे, १२.४ च्या खाली गेली तर चार्जर लावा.

तार काढण्याआधी एक गोष्ट नक्की करा. रिमोटच्या आत दडलेली लोखंडी किल्ली बाहेर काढून दाराच्या कुलपात फिरवून बघा. बॅटरी नसताना डिकी बऱ्याच गाड्यांत बटणाने उघडत नाही, आणि चार महिन्यांनी कुलूपही गंजलेलं असलं तर स्वतःच्याच गाडीबाहेर उभं राहायची वेळ येते.

७. हँडब्रेक ओढून ठेवायचा ना?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. मेहुण्यांची गाडी सवयीने हँडब्रेक ओढून लावली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागची दोन्ही चाकं हलेनात. दमट हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. चाकं उतरवून ड्रमवर हातोडी ठोकून सोडवावे लागले, आणि लायनर बदलायचा खर्च मी त्यांना करू दिला नाही.

पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर "पी"मध्ये, आणि दोन चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर किंवा विटा लावा. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाड्यांत तो आपोआप लागतो. तो सोडवून ठेवायची रीत गाडीच्या पुस्तिकेत बघा, आणि ते बॅटरीची तार काढण्याआधी करा. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त भरा. महिन्यातून एकदा कुणी गाडी हातभर पुढे-मागे ढकलली तर टायर एकाच जागी चपटे होत नाहीत.

८. टाकी भरलेली ठेवावी की रिकामी?

भरलेली. रिकाम्या टाकीत हवा असते, हवेतली वाफ रात्री पाणी होऊन तळाशी बसते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. म्हणून टाकी वरपर्यंत, झाकण घट्ट. चार महिन्यांनी परत आल्यावर निम्मी वापरली की ताजं पेट्रोल भरा.

९. आमची सीएनजी आहे. काही वेगळं करावं लागतं?

डिकीतल्या सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि त्याआधी गाडी दहा मिनिटं पेट्रोलवर चालवा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी लागते. तुम्ही बाहेर असताना तारीख उलटत असेल तर जाण्यापूर्वीच करून घ्या, नाहीतर परतल्यावर पंपावर गॅस मिळायला अडचण येईल.

१०. वॉचमन दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतो. बरोबर आहे ना?

त्याचा हेतू चांगला आहे, पण यात फायद्यापेक्षा तोटा जास्त. स्टार्टरने आणि आठवडाभर घड्याळ-अलार्मने खाल्लेली वीज पाच मिनिटांत भरून येत नाही. इंजिन तापत नाही, त्यामुळे जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. गाडी खरंच चालवायला माणूस असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास चालवू द्या, एसी लावून. तसा माणूस नसेल तर प्रश्न ६ प्रमाणे तार काढा आणि गाडीला शांत झोपू द्या.

११. परत आलो तेव्हा स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांवर हिरवी बुरशी होती. काय चुकलं?

आत ओल राहिली होती. बहुतेक वेळा ती पायाखालच्या मॅटखाली असते: जाण्याआधी गाडी धुतलेली, मॅट ओलसर, आणि दारं लगेच बंद. मॅट काढून घरात ठेवा. सीट कोरड्या कापडाने पुसा. स्टिअरिंगवर बोटांचा घाम आणि तेल असतं, त्यावर बुरशी आधी धरते, म्हणून ते साबणाच्या पाण्याने पुसून वाळवा. बिस्किटांचे चुरे सीटच्या फटींतून ओढून काढा. ते प्रश्न १२ साठीही गरजेचं आहे.

आत ओल शोषणारे डबे ठेवा, कपाटात ठेवतो तेच. ते पाण्याने भरतात, म्हणून सीटवर ठेवू नका. खाली परातीत ठेवा आणि महिन्याने बदलायला सांगा. वर छप्पर आणि चारही बाजूंनी आडोसा असेल तरच काचा बोटभर खाली ठेवाव्यात. उघड्यावर अजिबात नाही.

पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिथली पानं काढायला विसरू नका. कडुलिंबाची बारीक पानं त्या भोकांत बसली की पाणी बाहेर जायचं थांबतं आणि आत, पायाशी येतं. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्यांचंही तेच. वाटीभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतं का बघा.

१२. उंदरांनी वायर खाल्ल्या. तंबाखू ठेवू की डांबराच्या गोळ्या?

दोन्हींचा वास आठ-दहा दिवस टिकतो, पुढे उंदरांना त्याची सवय होते. पावसात बिळं पाण्याने भरतात आणि उंदीर कोरडी जागा शोधतात. बॉनेटखालचा ऊबदार कोपरा त्यांना घरासारखा असतो. बाहेरची हवा आत घेणाऱ्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवा. बॉनेट उघडं ठेवता येत असेल, म्हणजे जागा बंद आणि सुरक्षित असेल, तर ठेवा. उजेड आणि वारा असला की ते घरटं करत नाहीत. जवळ कचऱ्याचा डबा किंवा पक्ष्यांना दाणे टाकायची जागा असेल तर गाडी तिथून हलवा. आणि दर महिन्याला कुणीतरी बॉनेट उघडून बघायलाच हवं. कापसाचे पुंजके, शेंगांची टरफलं दिसली की लगेच साफ करायचं.

१३. झाडाखाली सावली असते. तिथे लावू?

उन्हाळ्यात लावा, पावसाळ्यात नको. बडोद्याचं नावच वडावरून आलं आहे, आणि आपल्या शहरातल्या झाडांवर माझं प्रेम आहे, पण गुलमोहराचं लाकूड ठिसूळ असतं आणि ओल्या मातीत मुळं सैल होतात. नारळाखालीही नको.

१४. पूर येणार असं कळलं तर मी सातासमुद्रापलीकडून काय करू शकतो?

तुम्ही काही करू शकणार नाही, म्हणून हे आधी ठरवा: गाडी हलवायची कुणी, न्यायची कुठे, आणि निर्णय कोणत्या क्षणी घ्यायचा. माझा नियम असा की अजवा भरत आल्याची आणि काळ्या घोड्याची पातळी धोक्याकडे चालल्याची बातमी आली, की त्याच दिवशी, उजेडात गाडी हलवायची. वरचं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात, तेवढाच वेळ हातात असतो. गरनाळी, म्हणजे रेल्वेखालून जाणारे रस्ते, सगळ्यांत आधी भरतात. अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी आलं की शहराचे दोन भाग होतात, आणि मग तुमचा माणूस पलीकडे अडकलेला असतो.

गाडी हलवायची असेल तर प्रश्न ६ मधली तार जोडावी लागेल. म्हणून दहा नंबरचा पाना किल्लीबरोबरच बांधून ठेवा. मी प्रत्येक खुंटीवर तसंच करतो.

उड्डाणपुलावर गाड्या लावण्याबद्दलही विचारतात. २०२४ नंतर अनेकांच्या मनात तो विचार येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पण ॲम्ब्युलन्स आणि बोटी घेऊन जाणाऱ्या गाड्याही त्याच पुलावरून जातात. पोलिसांनी परवानगी दिली असेल तर एका कडेला लावा, नाहीतर नको.

१५. जॅक लावून गाडी विटांवर चढवली तर?

कृपा करून नको. विटा वजनाने फुटतात, आणि ओली जमीन एका बाजूने खचते. शिवाय गाडी पाण्यावर तरंगते: दीड-दोन फूट पाण्यात छोट्या गाडीची चाकं जमिनीवरून सुटायला लागतात. विटांवरची गाडी तरंगून उतरली की पाणी ओसरताना तिरकी बसते, कधी भिंतीवर, कधी दुसऱ्या गाडीवर. उंची हवी असेल तर पक्का सिमेंटचा उतार आणि ओटा बांधा.

१६. पाणी येऊन गेलं. गाडी बाहेरून ठीक दिसते. एकदा स्टार्ट करून बघू?

नका. चावी लावूसुद्धा नका, "नुसती लाइट बघतो" म्हणूनही नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं राहू द्या.

इंजिनमध्ये पिस्टन हवा दाबतो. हवा दबते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही. स्टार्टरने जोर लावला, एखादं सिलिंडर पेटलं, की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसतं पाणी शिरलेलं इंजिन साफ करून पुष्कळदा वाचतं. रॉड वाकलेलं इंजिन खोलावंच लागतं. २०१९ ला आमच्या शेजारच्या विंगेतली एक गाडी दारांपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर एक मेकॅनिक आला, मी नको नको म्हणेपर्यंत त्याने चावी फिरवली. एकदा "टक्" असा आवाज आला, जड आणि कोरडा, लोखंडावर घण पडल्यासारखा. मग काहीच नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो. गाडीचे मालक मस्कतला होते, त्यांना फोन मीच केला.

मग करायचं काय? बॅटरीची तार काढा. दारं उघडून फोटो काढा, पाण्याची रेघ दिसेल असे. एअर फिल्टरचं झाकण उघडून बघा: आतला कागद कोरडा असेल तर पाणी इंजिनापर्यंत हवेच्या वाटेने गेलेलं नसण्याची शक्यता चांगली. ऑइलची काडी ओढून बघा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. आणि गाडी ओढून नेताना चाकं जमिनीवर ठेवून नको, सपाट ट्रकवर चढवून न्या.

१७. पाणी किती वर आलं त्यावरून नुकसान ओळखता येतं का?

बऱ्यापैकी. चाकाच्या मध्यापर्यंत आलं असेल तर ब्रेक आणि बेअरिंग तपासा. दाराच्या उंबऱ्यावरून आत गेलं असेल तर गालिचा काढावाच लागतो, कारण त्याच्याखालचा फोम पाणी धरून ठेवतो. वरून सुकलेला दिसतो आणि आठवड्याने गाडीत कुजका वास येतो. सीटखालून जाणाऱ्या वायरींचे जोड आणि एअरबॅगचं यंत्र याच उंचीवर असतं. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर दुरुस्तीपेक्षा विम्याचा विचार आधी करा (प्रश्न १८). कुठल्याही उंचीला ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बदला. पुराचं पाणी म्हणजे गटाराचं पाणीसुद्धा असतं, म्हणून हातमोजे घाला आणि पायाला जखम असेल तर त्यात उतरू नका.

१८. विमा आहे. मग सगळं मिळेल ना?

कोणता विमा, त्यावर आहे. नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही. स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल तर पुराचं नुकसान त्यात येतं. पण बुडालेली गाडी चालू करून इंजिन मोडलं, तर ते पुढचं नुकसान मानून नाकारलं जातं. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण आधीच घेतलेलं लागतं. "झिरो डेप" (घसारा न कापायचं कलम) म्हणजे हे संरक्षण, असा बऱ्याच जणांचा समज आहे. ती वेगळी गोष्ट आहे. बडोद्यात राहणाऱ्याने इंजिनाचं हे जादा कलम घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यात लिहिलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण गेली असं धरतात. सर्व्हेअर येण्याआधी काहीही खोलू नका, पण कंपनीला त्याच दिवशी कळवा. आणि परदेशात असताना विमा संपू देऊ नका: ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की वर्षानुवर्षं साठवलेली नो क्लेमची सूट जाते.

१९. आमची इलेक्ट्रिक आहे. इंजिनच नाही, मग भीती कसली?

इंजिनाची नाही, बॅटरीची आहे. बॅटरीची पेटी पाण्यापासून बंद केलेली असते, पण बहुतेक ठिकाणी जे आयपी ६७ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. पूर दोन दिवस राहतो. बुडालेली लिथियम बॅटरी नंतर काही दिवसांनीही पेटू शकते, म्हणून अशी गाडी घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून दूर, उघड्यावर ठेवा. चार्जर लावू नका. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना हात लावू नका. हे काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचंच. हायब्रिडला हे सगळं आणि प्रश्न १६ दोन्ही लागू. पुराची गोष्ट सोडली तर साठवताना मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवा, काठोकाठ नको.

२०. पाणी उतरल्यावर गाडीखाली मगर असू शकते का?

हो. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि पुरात त्या वस्त्यांत येतात, हे बडोद्याबाहेरच्या नातेवाइकांना पटत नाही, पण आपण पाहिलं आहे. सापांची शक्यता तर त्याहून जास्त, ते बॉनेटमध्येही बसतात. आधी लांबून टॉर्च मारून गाडीखाली बघा. मग लांब काठीने बॉनेटवर ठोका, थोडं थांबा. काही दिसलं तर मागे या आणि वनखात्याला कळवा. दगड मारायचा नाही. तोही जीव घाबरून कोपऱ्यात बसलेला असतो.

२१. स्कूटरचं काय?

मधल्या स्टँडवर, ओट्यावर किंवा जिन्याखाली चढवून. सायलेन्सरच्या तोंडाला कापडाचा बोळा, आणि त्याला लाल दोरा बांधा, म्हणजे चालू करण्याआधी काढायची आठवण राहते.

२२. आम्ही ट्रॅव्हलर गाडीची कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, करून घेतली आहे. ती पावसाळ्यात उभी असते.

तिचं छप्पर हाच तिचा कच्चा दुवा. हवेची खिडकी, सोलर पॅनेल, एसी, प्रत्येकासाठी पत्र्याला भोक पाडलेलं असतं. मे महिन्यात छपरावर चढून प्रत्येक जोडाचं सीलंट बोटाने दाबून बघा. तडा गेला असेल तर जुनं खरवडून नवं लावा, जुन्यावर थर चढवू नका. गाडी उभी करताना एक बाजू किंचित उंच ठेवा, म्हणजे वर पाणी साचत नाही. आतल्या प्लायला ओल लागली की तो फुगतो, आणि ते बाहेरून कळत नाही; कोपऱ्यांत अंगठा दाबून मऊ लागतंय का बघा. गॅसचं सिलिंडर काढून घ्या. पाण्याची टाकी रिकामी, फ्रिजचं दार उघडं, गाद्या उभ्या.

२३. मुलगा कॅनडात आहे, त्याचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) हिवाळाभर बर्फात उभा असतो. त्याला यातलं काय लागू पडतं?

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलाकडे असताना आम्ही दोघांनी मिळून हे काम केलं, म्हणून सांगतो. छपराचे जोड, हवा जाऊ देणारं कव्हर, आतली ओल, उंदीर, सगळं तसंच. वजनाचा हिशेब मात्र प्रश्न ५ पेक्षा मोठा. ताजा भुसभुशीत बर्फ एका घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. दबलेला, ओला बर्फ ३०० किलो किंवा त्याहून जास्त. सहा मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद छपरावर फूटभर ताजा बर्फ म्हणजे साधारण दोनशे वीस ते चारशे चाळीस किलो. तोच फूटभर बर्फ ओला असेल तर तेराशे किलो. शिवाय तो पाण्यासारखा वाहून जात नाही, थरावर थर बसतो आणि मध्ये पाऊस पडला की ते पाणीही धरून ठेवतो. म्हणून प्रत्येक मोठ्या बर्फानंतर लांब दांड्याच्या मऊ कडेच्या खोऱ्याने, जमिनीवर उभं राहून, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा उतरवायचा. फावडं वापरायचं नाही, छपराचं रबर फाटतं. शेवटचा बोटभर थर राहू द्यायचा.

दुसरा मोठा फरक पाण्याच्या नळ्यांचा. गोठताना पाणी फुगतं आणि नळ्या फुटतात. टाक्या, गीझर रिकामे करून नळ्यांत ट्रेलरसाठी मिळणारं गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ फिरवायचं, नळाच्या तोंडातून गुलाबी येईपर्यंत. संडासाचा आणि शॉवरचा नळही विसरायचा नाही. गाडीच्या इंजिनाचं हिरवं अँटिफ्रीझ यात घालायचं नाही, ते विषारी असतं. बाजूला सरकणारी खोली आत घेऊन ठेवायची. आणि बॅटरी घरात आणायची: पूर्ण भरलेली बॅटरी कडक थंडी सोसते, पण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड पाण्यासारखंच पातळ झालेलं असतं, ते गोठतं आणि पेटी तडकते.

२४. परत आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं? चार महिने झालेत, पूर आला नव्हता.

बॉनेट आणि गाडीखालची जमीन बघा, तेलाचे डाग किंवा उंदरांच्या खुणा आहेत का. टायरची हवा नेहमीच्या आकड्यावर आणा. चाकांच्या विटा किंवा पाचरी काढा, सायलेन्सरला बोळा लावला असेल तर तोही. मग बॅटरी जोडा, किल्ली एका टप्प्यावर दोन-तीन सेकंद थांबवा, टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा आवाज थांबला की चालू करा. पहिले शंभर मीटर सोसायटीच्या आतच, हळू, दोन-चार वेळा ब्रेक दाबत जा. डिस्कवरचा गंज खरखर करतो आणि निघून जातो. खरखर दुसऱ्या दिवशीही राहिली तर गॅरेजला दाखवा. पीयूसीची तारीख बघा.

२५. किल्ली तुमच्याकडे ठेवली तर चालेल का?

आमच्या सोसायटीतले असाल तर जरूर. येताना बॅटरीचा पाना, विम्याची प्रत, आणि भारतात हजर असलेल्या एका माणसाचा फोन नंबर घेऊन या. मृग लागायच्या आत या, कारण त्यानंतर गाडी धुऊन वाळवायला कोरडा दिवस मिळेलच असं नाही.